सहा एक्स अधिक तीस

बर्नलीत जानेवारी. जिन्याखालच्या कपाटात
गॅसचा मीटर. टॉर्च धरून मी आकडे वाचते,
ऋजुता वहीत उतरवते.
उद्या तिची बीजगणिताची चाचणी,
आणि पुस्तकातली सफरचंदं
तिला मुळीच पटत नाहीत.

मग हेच घे, म्हटलं.
दिवसाचे तीस पेन्स ठरलेले,
शेगडी पेटवा, नका पेटवू.
पुढे दर युनिटला सहा.
किती युनिट? ते रात्री कळेल.
तोवर त्याला एक्स म्हण.

सहा एक्स अधिक तीस.
म्हणायचं बहुपदी, आणि पदं दोनच.
हिची कोटी एक, पण म्हणून ही श्रीमंत नव्हे.
(ही कोटी मी दर जूनमध्ये करायचे,
पोरं दर जूनमध्ये हसायची.)
एक्सच्या डोक्यावर घातांक एक,
जो कुणी लिहीतसुद्धा नाही.
वर्ग आला, घन आला की आलेख वाकतो.
ही वाकत नाही, तुझ्या नावाला जागते:
पहिल्या युनिटला सहा, चाळिसाव्यालाही सहाच.

एक्सला आम्ही चल म्हणायचो.
"चल? म्हणजे कम ऑन?"
तसंच. सारखा निघायच्या तयारीत.
"आणि तीस?"
ते स्थिरपद. बसून राहतं.

हिंगोलीला माझंही होतं एक स्थिर पद.
आठवी ते दहावी, गणित,
खडूच्या डब्याची किल्ली माझ्याकडे.
आता बिस्किटांच्या कारखान्यात
फोन आला तर पाळी.
तासाला बारा पौंड. बारा एक्स,
पुढे अधिक काही नाही.
एक्स शून्य, तर सगळंच शून्य.
अशी रेषा आरंभबिंदूतून जाते, हे फळ्यावर
किती कौतुकाने सांगायचे मी.

"आई, हिचं शून्य काढायचंय."
म्हणजे एक्स किती घेतला तर सगळं मिळून काहीच नाही.
तीस पलीकडे ने, चिन्ह बदल, सहाने भाग.
तिने केलं. पेन्सिल थांबली.
"उणे पाच. चुकलं ना?"
बरोबर आहे.
"पण उणे पाच युनिट म्हणजे काय?"
म्हणजे बिल शून्यावर आणायचं तर
पाच युनिट ऊब कंपनीला परत द्यायची.
ती हसली. मग रेडिएटरवर
अर्धवट वाळलेल्या माझ्या गणवेशाकडे बघत म्हणाली,
"कुठून?"

फोन थरथरला. उद्या सहा ते दोन.
"बारा अठ्ठे शहाण्णव," ती पुटपुटली.
हा हिशेब मी तिला कधी सांगितला नव्हता.
उठली, हीटरची कळ
एक खूण वर केली,
आणि पुन्हा वहीपाशी येऊन बसली,
पुढच्या उदाहरणावर.