बारदान

डंडीत जी तागाची गिरणी होती
तिच्या तिसऱ्या मजल्यावर आम्ही कर्नल बांधतो.
(चिखलीच्या काकांना अजून वाटतं, मी लष्करात आहे.)
खिडकीत टे नदी. ऑक्टोबरात समुद्रावरून धुकं चढतं,
इथे त्याला 'हार' म्हणतात,
गळ्यात घालायचा की खायची
हे चार वर्षांत ठरलेलं नाही.

त्या दिवशी फर्गसने हाक मारली.
लॅबमधलं एक यंत्र उठताना
आपलं नाव सांगतं, आवृत्ती सांगतं, मग बांधणीचा वार.
वाराच्या जागी नुसता कचरा.
"मेमरी गेली," तो म्हणाला.
मी खुणा मोजल्या. बारा.
पुन्हा मोजल्या.
म, अनुस्वार, ग, ळ.
एकेकाला तीन बाइट.
चार त्रिक बारा.

मेमरी शाबूत होती.
माझ्या टर्मिनलची भाषा मी मराठी ठेवली आहे,
एकटीपुरती, कुणाला त्रास नको म्हणून.
आणि बिल्डच्या स्क्रिप्टने
निघताना माझा खिसा चाचपला,
हाताला लागलं ते उचललं
आणि कर्नलच्या कपाळावर लिहिलं: मंगळ.

मग मी स्क्रिप्ट उघडली.
त्रेचाळीस व्हेरिएबल.
एक दुसऱ्याला विचारतो, दुसरा तिसऱ्याला,
तिसरा म्हणतो, मला वाटलं पहिल्याला माहीत असेल.
तेच मूळ फोल्डर तीन नावांनी, त्यातलं एक चुकीच्या स्पेलिंगचं,
आणि तेच सगळीकडे वापरलेलं.
प्रत्येकाच्या मागे कुणीतरी पुटपुटलेलं
असू दे, लागेल कधीतरी.
एकावर कॉमेंट होती: हात लावू नका. का ते विचारू नका.
सही, मॉरीन गेडिस.

मॉरीन आता ब्रॉटी फेरीला कांद्याची पात लावते.
फोनवर बराच वेळ आठवत राहिली.
"अगं, ते होय? तो एक प्रिंटर होता."
होता?
"दोन हजार चार साली जळाला."
मग म्हणाली, तिची आजी याच इमारतीत काट्यावर बसायची,
गोणी आधी रिकामी तोलायची, मग भरलेली,
आणि बारदान वजा केल्याशिवाय
कुणाला आकडा सांगायची नाही.

रात्री मी बांधणी रिकाम्या वातावरणात सोडली.
घर नाही. वाट नाही. भाषा नाही.
दोन सेकंदांत मेली.
कंपायलर कुठे आहे, तेच तिला सापडेना.
वाट दिली. थोडी चालली, पडली.
कुठल्या प्रोसेसरसाठी, ते सांगितलं.
पडली. उचलली.
मागेल तेवढंच द्यायचं,
तेही हातात, नाव घेऊन.
पोराने आपल्या घरात काय बदललं
ते आईबापांपर्यंत पोचत नाही हा इथला नियमच आहे.
पण खाली काय गेलं याचा हिशेब तरी वर असावा.

साडेतीनला शेवटपर्यंत गेली.
पाच उरले होते.
सगळ्यांच्या वर मी एक ओळ लिहिली: भाषा, सी.
सी कुणाचीच मातृभाषा नाही.
ती अ आधी की आ आधी असा वाद घालत नाही,
बाइट बघते आणि रांग लावते.
माझं यंत्र, फर्गसचं, लीड्सच्या मुलांचं,
तिन्हींचा कर्नल पहिल्यांदाच
बाइटला बाइट जुळला.
अडतीस वजा, एक अधिक.
इतकं लाल मी याआधी कधी पाठवलं नव्हतं.

फर्गसने पॅच घेतला, मग खुर्ची वळवून विचारलं,
त्या बारा खुणा काय होत्या?
मंगळ, मी म्हटलं.
मंगल, तो म्हणाला.
ळ.
ल.
असू दे, म्हटलं मी. लागेल कधीतरी.

त्या यंत्रावर आता चिकटपट्टी आहे,
मार्करने रोमन लिपीत 'मंगल'.
आत नवा कर्नल, वार इंग्रजी, तीन अक्षरी.
मी जागेवर येऊन तारीख विचारली.
टर्मिनल म्हणालं, गुरु.
खिडकीत पलीकडचा काठ दिसत नव्हता.