प्रेस

नाशिकरोडला प्रेस म्हटलं
की कोणी विचारत नाही कसली.
भिंतीपलीकडे नोटा छापतात.
भोंगा झाला की सायकली एकाच दिशेने ओघळतात,
आणि स्थळ बघायला आलेली माणसं
"मुलगा प्रेसमध्ये आहे" एवढं ऐकून
बशी खाली ठेवतात,
मुलाकडे पुन्हा एकदा नीट बघतात.

आमची प्रेस जेल रोडला होती.
चार पत्रे, एक टेबल, त्यावर दुहेरी घोंगडी,
कोळशाची सात किलोची इस्त्री
आणि अण्णांनी स्वतः रंगवलेली निळी पाटी:
येथे कपडे प्रेस करून मिळतील.
'प्रे'मधली तिरकी रेघ जरा लांबच ओढली गेली होती,
घडी चुकलेल्या बाहीसारखी.
खाली इंग्रजीतही तेच, पाच अक्षरं,
रेल्वेतल्या एका गिऱ्हाइकाने बिलामागे लिहून दिलेली.
अण्णांचं इंग्रजी तिथे सुरू झालं
आणि तिथेच थांबलं.

पाचवीत कुलथे बाईंनी फॉर्म भरताना विचारलं,
वडील काय करतात ग?
मी म्हणाले, प्रेस.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, हसल्या,
आणि लिहिलं: नोकरी, सरकारी.
मी खोटं बोलले नव्हते.
फक्त पुढचं "करतात" गिळलं होतं.

मग मला दुसरा बाक मिळाला.
हर्षदा आहेर विचारायची,
तुझे बाबा कोरी नोट आणतात का ग एखादी?
छे, गेटवर तपासतात, मी म्हणायचे.
हे मला ठाऊक होतं, कारण तिकडचे शर्ट
ढिगाने आमच्याकडेच यायचे.
अण्णा खिसे उलटे करून बघायचे इस्त्रीआधी.
"एवढा पैसा बनवणारी माणसं," म्हणायचे,
"आणि खिशात बघ, बसचं तिकीट."

पालकसभेला ते आले,
मनगटावरचे डाग लपवायला पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून.
बाईंनी अदबीने खुर्ची पुढे केली.
"निवृत्तीराव, आपण कुठल्या खात्यात?"
अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.
एवढंसंच.
"गरम खात्यात," म्हणाले.
बाईंनी मान हलवली, समजल्यासारखी.

येताना बिटको चौकापर्यंत एक शब्द नाही.
तिथे मला उसाचा रस पाजला, स्वतः घेतला नाही.
रात्री मात्र माझा शाळेचा स्कर्ट काढून बसले,
एकेक प्लेट बोटाने धरून, पाणी शिंपडून.
चोवीस प्लेटा.
मी झोपेचं सोंग घेऊन मोजल्या.

आता मी दिंडोरीकडे एका वायनरीत आहे.
माझ्या ताब्यातल्या मशीनलाही प्रेसच म्हणतात.
पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले,
द्राक्ष हळू दाबायचं. जोर झाला
की बी फुटते, रस कडवट होतो.
मला शिकावं लागलं नाही.
टेरिकॉटवर अण्णांचा हात असाच
टेकल्या न टेकल्यासारखा पुढे जायचा.
(भावजींच्या बुलेटवरही लाल रंगात प्रेस लिहिलंय.
कुठल्या पेपरात, ते विचारू नका.)

गेल्या महिन्यात अण्णांना ॲडमिट केलं.
दुसऱ्या दिवशी दुपारी मला खुणेने जवळ बोलावलं.
उशाशी वायरला लटकलेली बेल,
तिच्या बटणावर पाच इंग्रजी अक्षरं.
ओठ हलवत त्यांनी एकेक लावलं,
पी, आर, ई, एस,
आणि पुन्हा एस.
"इथे पण काढलं का कोणी दुकान?"

दाबा की, म्हटलं, सिस्टर येईल.
"कशाला तिला त्रास," म्हणाले.
बेल बाजूला सारली.
मग सलाईन नसलेल्या हाताने
चादरीवरची एक सुरकुती
छातीपासून पार कडेपर्यंत नेली
आणि पलंगाखाली सोडून दिली.