दहा सेकंद

हिंगण्याच्या पलीकडे, मुरमाच्या जुन्या खाणीत
चुन्याने आखलेला ट्रॅक.
फेब्रुवारी, पण सकाळी अकरालाच
शेडचा पत्रा हाताला चटका देतो.

चौतीस वर्षं मी एमआयडीसीत गिअर तपासले.
एक गेज आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये,
एवढाच माझा धर्म.
दात कोणी कापले, पाळी दिवसाची की रात्रीची,
ते गेजला कळत नाही.
म्हणूनच बहुतेक क्लबवाल्यांनी
मला पंचाच्या खुर्चीत बसवलं.
पुढ्यात रजिस्टर, उडू नये म्हणून त्यावर पाना.

सातवी फेरी. बाभळीचं वळण.
निलय ठवकरने आतून गाडी घातली.
वळण जरीनचं होतं;
याचं पुढचं चाक तिच्या मागच्या चाकापर्यंतही
पोचलं नव्हतं.
मग तो आवाज. धूळ. टायरांच्या भिंतीतून
वर आलेलं एक निळं बॉनेट,
आणि त्यामागे जरीनचा हात:
मी ठीक आहे.

मोबाईलवर दुपट्ट्याची सावली धरून
व्हिडिओ सहा वेळा पाहिला.
सहाव्यांदाही तो तसाच घुसला.

निलयला मी ओळखतो.
जरीपटक्याच्या गॅरेजात गाड्यांखाली
पाठीवर पडून मोठा झालेला पोट्टा.
बक्षीस होतं चार नवे टायर.
त्याचे टायर माझ्या डोक्यासारखे, गुळगुळीत.

आणि मागच्या वर्षीचं पान मला पाठ आहे.
हेच वळण, अस्साच घुसलेला,
ज्यांच्या सिमेंटचं बॅनर शेडवर फडफडतं
त्यांचा मुलगा.
समोरची गाडी तेव्हा कशीबशी सावरली,
म्हणून मी लिहिलं: ताकीद.
सावरणाऱ्याचं कसब मी
घुसणाऱ्याच्या खात्यात जमा केलं.

आता काय करायचं?
चुकीच्या गेजने एक लॉट पास झाला,
तर दुसराही त्याच गेजने पास करायचा
आणि त्याला सारखेपणा म्हणायचं?
की पहिलं सरळ मोजमाप
नेमकं याच पोराच्या अंगावर घ्यायचं?
पाणी प्यालो. बाटलीतलं पाणीही कढत.

तो आला. डोळ्यांभोवती गॉगलची गोरी जागा,
बाकी सगळा मुरूम.
"बोला काका."
"दहा सेकंद."
"मागच्या साली त्याले काहून नुसती ताकीद?"
शेडमधले सगळे
अचानक आपापल्या मोबाईलमध्ये शिरले.
"मागच्या साली मी चुकलो."
"मंग तुमची पेनल्टी?"

रजिस्टरला तसा रकाना नव्हता.
मागचं पान उघडलं, समासात लिहिलं:
निर्णय चूक. खाली सही, आजची तारीख.
ते कोणी वाचणार नाही, हे त्यालाही कळलं, मलाही.
त्याने आपल्या पानावर सही केली,
पेन इतकं दाबून
की पुढच्या तीन पानांवर ती उमटली.
पहिल्याचा चौथा झाला.

जरीनने आभार मानले नाहीत.
कशाला मानेल? ती दगडावर बसून
वाकलेली रिम ठोकत होती,
आणि तिला हातोडी कोणी दिली
ते मी पाहिलं नाही,
त्या बाजूला पाहायचंच टाळलं.

परतताना रात्री, हिंगणा टी-पॉइंटला
सिग्नल लाल. रस्ता चारी बाजूंनी मोकळा.
एक बुलेट डावीकडून निघून गेली,
मग एक ऑटो, मग दुधाचा टेम्पो.
मी क्लच दाबून थांबलो.
दहा. नऊ. आठ.
किती लांब असतात हे,
इतकी वर्षं दुसऱ्यांना वाटताना
कधी बसून मोजलंच नव्हतं.
सहा.
मागून हॉर्न. "चला ना बाप्पा!"
पाच.