सुरमईच्या जागी चौकोन

माझ्या लॅपटॉपवर सगळं चालत होतं.
हे मी मुनीराला तीनदा म्हणाले.
चौथ्यांदा म्हणायच्या आत तिनं
सोसायटीची छापलेली पावती समोर धरली:
आकडे होते, बोटीचा नंबर होता,
आणि मासळीच्या नावाच्या जागी
रिकामे चौकोन, ओळीनं,
लिलाव उठल्यावर धक्क्यावर उरतात तसे क्रेट.

वर वेळ होती: सकाळी साडेदहा.
साडेदहाला हर्णैच्या धक्क्यावर
एखादा जाळं सांधत बसलेला असतो, आणि कुत्री.
लिलाव चारला लागतो.

बर्फ कारखान्याच्या वरची माझी खोली.
रात्रभर खाली लाद्या पडतात, धाड, धाड,
आणि मी वर बसून
एका फाइलीत एकेक ओळ वाचते:
कुठल्या पायावर उभं राहायचं,
बरोबर काय घ्यायचं, कुठे ठेवायचं,
शेवटी कुठल्या हाकेला उठायचं.
फाइलीत नाही ते कंटेनरात नाही.
मी पाया घेतला होता सगळ्यात हलका,
पाच एमबीचा. मिरवलंही होतं.

हरेश्वर तांडेलांची बोट भरत होती,
आठ दिवसांच्या खेपेला.
केबिनच्या फळीवर खडूनं लिहिलेलं:
बर्फ, डिझेल, तांदूळ, कोकम, मीठ,
सुया, काडेपेटी. आणि पुन्हा खाली, काडेपेटी.
दोनदा का, मी विचारलं.
एक साल तीन दिवस भिजवलेले पोहे खाल्ले, ते म्हणाले.
घरात काडेपेटी कोण मोजतंय गो?
घरात ती असतेच.
जी असतेच ना, तीच राहते.

मी जिना दोन दोन पायऱ्यांनी चढले.

माझ्या लॅपटॉपात देवनागरी कुणी बसवली
मला ठाऊक नाही.
विकत घेतला तेव्हापासून होती.
घड्याळ इथलंच दाखवायचं,
त्याला हे इथलं, असं कुणी सांगितलं, तेही नाही.
मुंबईत कुठल्याशा खोलीत
माझा कंटेनर उठला तेव्हा
त्याला ना लिपी होती ना गाव,
वेळ होती ती साडेपाच तास मागची,
कुठल्यातरी परक्या समुद्राची.

दोन ओळी वाढवल्या.
एक फाँटची, एक घड्याळाची.
पाच एमबीचं मिरवणं गेलं.

आता मीही उघड्यावर काही चालवत नाही.
तोच कंटेनर इथे, तोच तिथे.
इथे फक्त एक खिडकी ठेवलीय,
लिहिलेलं लगेच आत दिसावं म्हणून.
तिथे ती बंद.
इथला पासवर्ड कुणी वाचला तरी चालेल असा,
तिथला मुनीरालाही सांगितलेला नाही.
आणि हिशेब आत ठेवायचा नाही, हे मी
एक अख्खा मंगळवार घालवून शिकले:
कंटेनर गेला, वादावादी राहिली,
लिलाव कितीला तुटला ते गेलं.
बोटीवर वही नेत नाहीत, वही घरी असते.

पोर्टला मुनीरा बंदर म्हणते.
आठ हजार ऐंशी नंबरचं बंदर उघडं आहे का गं?
मी दुरुस्त करत नाही.

नवव्या दिवशी बोट लागली.
पावती निघाली: सुरमई,
वेलांटी, उकार, सगळं जिथल्या तिथे,
दुपारी चार वाजून सहा मिनिटं.
मी ती हरेश्वरांच्या ओल्या हातात दिली
आणि शहाण्यासारखी उभी राहिले.

त्यांनी नाव वाचलं नाही, वेळ वाचली नाही.
वजन दोन किलोनं कमी हाय, म्हणाले.

ते माझ्याकडे नाही, मी म्हटलं, ते काट्याकडे.

काट्याला काय झालंय, मुनीरा आतून म्हणाली,
ऑफिसात तर बरोबर चालतो.