बरोबरचं बटण

विलामेटच्या काठावर, धुकं विरायच्या आत,
सिग्ने ओस्बी वडिलांची मोजणीची पिशवी उघडते:
ओळंबा, गंजलेली टेप, रंग उडालेल्या खुंट्या,
आणि कातडी पाकिटात तो जुना कॅल्क्युलेटर.

त्यावर बरोबरचं बटण नाही.
लहानपणी तिनं ते किती शोधलं होतं.
आर्ने म्हणायचा, आधी आकडे आत घे,
त्यांचं काय करायचं ते शेवटी सांग.

आपलं वाक्य असंच तर चालतं:
कर्ता येतो, कर्म येतं,
दोघं उंबऱ्यावर ताटकळतात,
मग क्रियापद येऊन कडी काढतं.
सिग्नेला हे ठाऊक नाही.
तिच्या भाषेत क्रिया मधेच उरकून घेतात.

आत चार पायऱ्या. नवा आकडा खालून येतो,
आधीचे एकेक पायरी वर सरकतात.
पाचवा आला की सगळ्यात वरचा जातो.
कुठे जातो, कुणी विचारू नये.
म्हणून आतलं आधी सोडव, आर्ने म्हणायचा,
कंस लागतच नाहीत मग.

एप्रिलनंतर आज पहिल्यांदा ती यंत्र सुरू करते.
बंद असतानाही विसरत नाही हे.
पडद्यावर ६१८.५०.
खाली फिरव: २९४. ही कुंपणाची लांबी-रुंदी, फुटांत.
पुन्हा: ४३५६०. एकरातले चौरस फूट,
तिला झोपेतही पाठ.
पुन्हा: २.

चारही पायऱ्या भरून म्हातारा उठून गेला होता.
चहाला गेला असेल. मग ती सकाळ.

चौथ्यांदा फिरवल्यावर ६१८.५० परत येतं.
ती गुणते. अदलाबदल करते. भागते.
४.१७.

वरचे खाली उतरले आहेत,
पण सगळ्यात वरचा उतरतानाही
आपली जागा सोडत नाही,
स्वतःसारखाच एक खाली पाठवतो.
ती फिरवून बघते: २.
फिरवते: २.
अजून एकदा, उगाच: २.
कितीही वापरा, हा संपणार नाही
असा ठेवून गेलाय.

परत ४.१७.
आता एक अदलाबदल, एक भागाकार,
एवढंच राहिलंय.

खडीवर ट्रक थांबतो. स्पोकेनहून रात्रभर
गाडी हाकत आलेला लायल
दार न लावताच उभा राहतो, तिच्याकडे न बघता.

सिग्ने, लायल, चार एकर आणि थोडं वर,
पलीकडे नदी.
बोट बटणावर.
क्रियापद अजून यायचंय.