हयातीचा दाखला

बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जुन्या गोदामात
पांढऱ्या भिंतीसमोर उभा केलाय एक लोखंडी हात.
कोपर आहे, मनगट आहे, खांदा मात्र नाही.
चिमटीत सहा नंबरचा ब्रश,
आणि तो लिहितोय बाबांचा ‘ळ’.

बाबा म्हणजे मोरेश्वर कोचरेकर,
निवृत्त पेंटर, बेस्ट वर्कशॉप.
बसच्या कपाळावरचे आकडे
छत्तीस वर्षं त्यांच्या हातचे.

दोन वर्षांपूर्वी ती अनाहिता आली आमच्या परळच्या घरी,
बिनसाखरेचा चहा प्यायची,
अकरा दिवस बाबांच्या मनगटाला पट्टा बांधून म्हणायची,
लिहा काका, काहीही लिहा.
बाबांनी काय लिहावं?
राणीबाग. मर्यादित.
शरीराचा कोणताही भाग खिडकीबाहेर काढू नये.

तेच आता भिंतीवर उतरतंय, ओळीमागून ओळ,
आणि माणसं फोन उंच धरून बघतायत.
बाजूला माहितीचा फलक, छापील, गुळगुळीत.
बाबा त्याच्यापुढेच खिळलेले.
“‘कृती’ची वेलांटी ऱ्हस्व काढलीय,” म्हणाले,
“आमच्या वेळी यावर दिवसाचा पगार कापला असता.”

मग मला दिसलं.
उकाराचं वळण घेताना
तो हात किंचित थरथरतो.
लोखंडाला कुठली थंडी, कुठलं वय?
मी बाबांकडे पाहिलं, त्यांनी उजवा हात खिशात घातला.
“तेव्हा नुकतं सुरू झालं होतं गं.
त्याला वाटलं, असंच लिहायचं असतं.”

दोरीच्या अलीकडून ते त्याला सांगू लागले,
हाताखालच्या पोराला सांगावं तसं:
श्वास धर. आता ओढ काना. आता सोड.
तो ऐकेना.
पट्टा मनगटाला बांधला होता,
छातीला कुणी बांधलाच नाही.

मागच्या मंगळवारी बँकेत
काचेवर त्यांनी अंगठा ठेवला होता, सात वेळा.
पुसून, धुऊन, कपाळाचा घाम लावून.
रेषा टर्पेंटाइनने कधीच नेल्या होत्या.
“आजोबा, मशीन घेत नाहीये,” काउंटरवरची मुलगी म्हणाली,
तिलाही वाईट वाटत होतं.
समोर बसलेला, खोकणारा, तिला लिमलेटची गोळी देणारा माणूस
हयात असल्याचं सिद्ध होत नव्हतं.
आणि इथे भिंतभर
त्याचा कंपसुद्धा बिनचूक.

मी कोणाला हसू?
नवऱ्याचा नंबर मला पाठ नाही.
जन्म परळमध्ये गेला, तरी इथवर
फोनला विचारत आले, डावीकडे वळू का, उजवीकडे.
बाबा मागून सांगत होते, सरळ चल,
पुढे कोपऱ्यावर माझी पाटी होती.
पाटी नव्हती. कोपरा होता.

आठ वाजता शिपायाने प्लग काढला.
हात जिथल्या तिथे थांबला,
‘राणीबाग’मधल्या ‘ग’चा काना राहून गेला.
डब्यात रंग ओला होता.
बाबांनी अनाहिताकडे पाहिलं,
अनाहिताने दोरीकडे.
“राहू दे,” ते म्हणाले, “उद्या करेल तो.”
पण दारापर्यंत दोनदा मागे वळले.

स्टॉपवर बस आली. कपाळावर लाल ठिपक्यांची अक्षरं
एका बाजूने येत होती, दुसऱ्या बाजूने पळत होती.
बाबांनी डोळे बारीक केले. “कुठली गं?”
मी फोन काढला.
फोन म्हणाला, बस दोन मिनिटांत येतेय.

मान वर केली
तर बाबा चढलेसुद्धा होते,
आणि खिडकीतून तो थरथरता हात
सबंध बाहेर काढून
मला बोलावत होते.