शिणाण्याचा पाय

करवंटी जाळून कोळसा केला, दळला, पत्र्यावर लावला,
तरी नारळाची खोड गेली नाही.
जन्मभर ज्याने पाणी पोटात धरलं
तोच आता पाण्याला दारात उभं करतो.
मी थेंब ठेवते. तो काळ्या पृष्ठावर टचटचीत,
जेवायला न बसणाऱ्या पाहुण्यासारखा.

ताळगावच्या पठारावर, तिसऱ्या मजल्यावर,
दुपारी वीज जाते.
जनरेटर दोनदा खोकतो आणि गप्प.
आपण वीज साठवायचा शोध लावतोय
हे टेल्माला नेमकं तेव्हाच आठवतं.
अंधारात तिचं हसू, आणि हातमोजे काढल्याचा
रबरी चटका.

उपाय शिरदोणला, ओहोटीला उघडा पडतो.
शिणाणे. हिरवट काळे, खडकावर खेटून.
बाबा पारय घेऊन उतरायचे,
कमरेला पोतं, पायात जुने बूट,
एकेक उचकटायचे. बुडाशी दाढीसारखे तंतू
तुटायचे, पण सुटायचे नाहीत.
“ह्याला हात नाहीत, दात नाहीत,” ते म्हणायचे,
“एक पाय आहे, तोही जिभेसारखा.
खडक चाटतो, आणि खडक त्याचा होतो.”

प्रबंधात मी हे वाक्य घातलं नाही.
तिथे लिहिलं: डोपा, प्रथिन, ओल्या पृष्ठाला चिकटण्याचं बळ.

भुकटी पांढरी असते. पाण्यात सोडायची,
किंचित क्षार, सामू साडेआठ,
आणि झाकण उघडं ठेवायचं.
हवा बाकीचं करते.
आधी फिकट गुलाबी, मग चहा,
मग चिरून विसरलेल्या नीरफणसासारखं.
पत्रा त्यात उभा, अंगावर काहीतरी बसतंय
हे त्यालाही कळत नसावं.

पहिल्यांदा रात्रभर ठेवला.
सकाळी थर सुरेख, एकसारखा,
आणि कोळशाची सगळी भोकं बंद.
उंबरा सारवता सारवता
दारच लिंपून टाकावं तसं.
मिठाचे कण बाहेर ताटकळले,
आलेख झोपला.
त्या दिवशी मी टेल्माशी उगाच भांडले,
बाटल्या धुण्यावरून.

मग बारा तास. मग तीन. मग सहा.
सहा तासांच्या पत्र्यावर थेंब ठेवला:
टेकला, पसरला, गेला.
“थेंबो गेलो गो!” टेल्मा ओरडली,
आणि शेजारच्या खोलीतले सर
काय सांडलं म्हणून धावत आले.

बांबोळीच्या इस्पितळातून आणलेल्या पाकिटावर
तोच शब्द आहे, पुढे ‘लेव्हो’ जोडून.
बाबा अर्धी गोळी सकाळी घेतात, अर्धी तीनला.
“मासळी आणि गोळी यांत तासाचं अंतर,”
डॉक्टरांनी बजावलं. एका पाग्याला.
कप बशीवर वाजतो,
पारय न्हाणीच्या कोपऱ्यात, गंज धरून.

एका संध्याकाळी सांगितलं मी त्यांना:
शिणाण्याच्या पायात जे असतं
तेच ह्या गोळीत आहे.
ते बराच वेळ आपल्या उजव्या हाताकडे पाहत राहिले,
परक्याच्या कुत्र्याकडे पाहावं तसे.
“मग विकत कशाला आणतेस?
भरतीचं बघ. उद्या उतरतो मी.”

प्रथिनात गुंतलेलं ते मेंदूपर्यंत पोचत नाही,
हे सांगायला मी तोंड उघडलं.
आई आतून म्हणाली, “उतरतायत!”
बाबा हसले. मीही.

“किती वेळ ठेवतेस तू ते पाण्यात?”
“सहा तास.”
“म्हणजे एक भरती. आणि जास्त झालं तर?”
“भोकं बुजतात.”
“हं,” ते म्हणाले,
खडक कुठे निसरडा ते ऐकून घ्यावं तसं,
आणि गोळी अंगठ्याच्या नखाने मोडू लागले.
तिसऱ्या खेपेला मोडली.
तुकडे सारखे नव्हते.
मोठा त्यांनी तीनसाठी ठेवला.